रंग तांबडा, वय सतरा

माझ्या बापाची थप्पड पुलगावच्या स्टेशनात ऐकू जायची. आमचं गाव आंजीच्या अल्याड, पुलगाव तिथून बरंच लांब, तरी जायची. एकदा तर मालगाडीच्या ड्रायव्हरला वाटलं सिग्नल पडला, आणि त्यानं गाडी सोडून दिली. सरकीची अर्धी पोती फलाटावरच राहिली. ती थप्पड ज्या गालावर पडली तो गाल माझा होता, म्हणून मी खात्रीनं सांगतो.

आमच्या घराण्यात बोलणं कमी आणि हाणणं जास्त. पोळ्याच्या तोरणाखाली कुणाचा बैल आधी उभा राहायचा, यावरून माझ्या आजोबांनी एका माणसाचा कान दातानं तोडला होता. मी ऐकलेल्या हकिगतीत तो कान त्यांनी गिळला. माय म्हणायची, थुंकला. बाप हाताला लागेल ते वापरायचा. कासरा, वहाण, पाटा उचलता आला तर पाटाही. आणि मी सतरा वर्षांचा होईतो एक दार, दोन खाटा, शेजाऱ्याच्या थोरल्या पोराचं नाक आणि शाळेतल्या मास्तरांची सायकल मोडली होती. सायकलीकडं तर मी नुसतं रागानं पाहिलं होतं. सेवाग्राम आमच्यापासून काही फार दूर नाही. अहिंसा तिथून आमच्या गावाकडं निघालीही असणार. वाटेत तिला माझा बाप भेटला असावा.

त्या वर्षी होळीच्या आधी बापानं मायचं मनगट मोडलं. भाकर करपली होती, एवढंच. ती एका हातानं भाकरी थापायला शिकली आणि विचारणाऱ्या बायांना सांगत राहिली, विहिरीवर पाय घसरला म्हणून. त्यानंतर चार दिवसांनी, भर दुपारी, बाप निंबाखाली बाजेवर झोपला होता. बंडीच्या बाजूंना ज्या दांड्या उभ्या खोचलेल्या असतात त्यांना आमच्याकडं उभारी म्हणतात. बाभळीची, मनगटाएवढी जाड. आमच्या तालुक्यात जेवढी डोकी फुटली त्यातली बहुतेक उभारीनंच. मी एक उभारी उपसली आणि बापाच्या उशाशी जाऊन उभा राहिलो.

इथं मी काही वाढवून सांगत नाही. त्याच्या टाळूला टक्कल पडलं होतं, पळसाच्या पानाएवढं. त्यात मी जागा ठरवली. एरवी मला राग आला की हात कापायचे, दात वाजायचे, अंगाला घाम सुटायचा. त्या दुपारी काहीच नाही. अगदी गार होतो. तेवढ्यात त्या टकलावर एक माशी येऊन बसली. बापानं झोपेतच स्वतःला फाडकन हाणली, कूस बदलली, आणि त्या आवाजानं मी भानावर आलो. उभारी जिथल्या तिथं खोचली, गोठ्यामागं गेलो आणि पोटातलं सगळं ओकून टाकलं.

हा माणूस माझ्या हातून मरणार, हे मला त्या दिवशी कळलं. त्या दिवशी माशीनं वाचवला. पुढच्या खेपेला माशी येईलच असं नव्हतं.

सांगायचं कुणाला? मायला सांगितलं असतं तर तिनं ते बापाला सांगितलं असतं, त्याचा जीव वाचावा म्हणून. बापानं भगताला बोलावलं असतं. माझ्या मामाला एकदा असंच काही लागलं होतं. तो बसल्या बसल्या रडायचा, बाकी काही नाही. भगतानं त्याला खांबाला बांधून मिरच्यांची धुरी दिली आणि निंबाच्या फोकानं असा झोडला, की मामाच्या अंगात जे काही होतं ते मामाची अक्कल सोबत घेऊन पळालं. भगतानं भागलं नाही की मग नागपूरचा पागलखाना. आणि माणसांच्या दवाखान्यातला कंपोंडर बापासोबत चिलीम ओढायचा. तिथं जाऊन नुसता खोकला सांगितला तरी तो माझ्या आधी घरी पोचायचा.

राहिला गुरांचा दवाखाना.

तो बाजाराच्या गावी होता. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, डाक्टरच्या नातवंडांना कुणी त्रास द्यायला नको. डाक्टर जबलपूरकडचा. आमचा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. सरकारी माणसं हिंदी बोलत यायची आणि वर्षभरात असली मराठी बोलायला लागायची की बैलांनाही हसू यावं. हा डाक्टर दारातून वाकून आत यायचा, आणि दार हत्तीसाठी केलेलं होतं. गायीच्या पोटात आडवं आलेलं वासरू तो खिशातून रुमाल काढावा तसं काढायचा.

मी काही ठरवून गेलो नव्हतो. आमचा तांबडा गोऱ्हा नवाच जुंपायला घेतला होता. जुवाखाली त्याची खांद सुजली, कातडं फाटलं, म्हणून बापानंच मला त्याला घेऊन धाडलं. डाक्टरनं गोऱ्हा खोड्यात घेतला. खोडा म्हणजे अंगणात रोवलेले चार खांब, दोन्ही बाजूंना आडव्या बल्ल्या आणि मागून एक दांडा. त्यात जनावर उभं केलं आणि दांडा सरकवला की त्याला ना वळता येत ना लाथ झाडता येत.

"मारता है क्या?" डाक्टरनं विचारलं. तो सगळ्यांनाच विचारायचा, आपले गुडघे वाचवायला.

माझं तोंड आपोआप उघडलं. "मारते. लय मारका हाय."

"किसको मारता?"

"सगळ्यायले. मास्तरच्या सायकलीले बी."

"मालिक को?"

"मालकाले अजून नाई. पन मारन."

डाक्टरचा हात थांबला. "तुमको कैसे मालूम?"

"मालक दुपारी झोपला का हा त्याच्या उशाशी जाऊन उभा राह्यते. टकलाकडं पाह्यते."

"और?"

"जागा नक्की करते."

डाक्टरनं गोऱ्ह्याकडं पाहिलं. गोऱ्हा डोळे मिटून तिथल्या, गुरांच्या कंपोंडरच्या सदऱ्याची बाही चघळत होता.

"ये बैल?"

"हो."

"मालिक कौन है?"

"माहा बाप."

कंपोंडर सरळ मनाचा माणूस. त्यानं भिंतीवरचा चिमटा काढला. हातभर लांब, लोखंडी, आणि मी शपथेवर सांगतो, तो चिमटा दवाखान्याबाहेर नुसता टांगला असता तरी तालुक्यातले सगळे गोऱ्हे आपोआप शहाणे झाले असते. "साहेब, मारका हाय तं आत्ताच खच्ची करून टाकू काय?"

गोऱ्हा हलला नाही. मी मात्र दोन्ही हात पुढं धरून दोन पावलं मागं सरकलो. डाक्टरनं ते पाहिलं.

"रख दो," तो कंपोंडरला म्हणाला. "ये बैल अभी बोल रहा है. बोलता है तबतक काटने का नाय." मग माझ्याकडं वळून, आवाज खाली आणून, "मेरे रजिस्टर में तीन रकाने हैं. रंग, उमर, बीमारी. बैल क्या बोला, उसका रकाना नाय. समजलं? हर बाजार को येजो. पण बैल को लेके. बैल नाय लाया तो मैं कुछ नाय सुनेगा."

खांद पंधरा दिवसांत भरली. माझं आतलं भरलं नव्हतं. मग मी होळीच्या रंगासाठी वाळवलेली पळसाची फुलं भिजवली आणि दर बाजाराच्या दिवशी पहाटे गोऱ्ह्याची खांद अशी रंगवली की पाहणाऱ्याला भोवळ यावी. बापानं दुरून पाहिलं आणि म्हणाला, "चिघळून राह्यली लेका. घेऊन जाय." गोऱ्हा बिचारा धडधाकट, दर आठवड्याला कोसभर फिरून यायचा आणि बाजारातला कोबी खायचा.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला डाक्टरनं विचारलं, "मालिक मालकिन को मारता है, तब बैल क्या करता है?"

बैल काय करतो ते मी करूनच दाखवलं. डाक्टरची मानगूट धरली. फिनेलची बादली उडाली, बाटल्या फुटल्या, कंपोंडरनं माझा पाय धरला तर मी त्याला पायाला लटकवून अंगणभर फिरवला. डाक्टरच्या ओठातून रक्त आलं, ते पाहून मला आणखी चेव आला. बाजारातली माणसं कुंपणाशी जमली आणि दोघा तिघांनी तर माझ्या बाजूनं पैज लावली. शेवटी डाक्टरनं मला कमरेत धरलं, वासरासारखं उचललं, खोड्यात कोंबलं आणि मागून दांडा सरकवला. मग कंपोंडरला पाठवलं बाजारात चहाला, आणि माणसांना हाकललं.

मी लाथा झाडल्या. बल्ल्यांना चावलो. एका बल्लीवर माझे दात अजून दिसत असतील. पण हाणायला आधी हात मागं घ्यावा लागतो, आणि खोड्यात हात मागं जात नाही. बराच वेळ मी नुसता धापा टाकत उभा होतो. डाक्टर पालथ्या बादलीवर बसून ओठ पुसत होता.

"अब बोल," तो म्हणाला. "बैल छोड. तू बोल."

मी बोललो. काय काय बोललो ते इथं लिहिणार नाही. त्याचा रकाना माझ्याकडंही नाही. एकच सांगतो. मी सहा वर्षांचा असताना बापानं मला बंडीच्या चाकाला बांधलं आणि विसरून बाजाराला निघून गेला. बैल जुंपले नव्हते, चाक फिरणार नव्हतं, पण सहा वर्षांच्या पोराला हे कुठं कळतं? दिवसभर मला वाटत राहिलं की आता चाक फिरणार. हे मी खोड्यात उभा राहून सांगितलं आणि असा रडलो की गोऱ्हा येऊन माझं मनगट चाटायला लागला.

तेवढ्यात कंपोंडर परतला. त्याला रजिस्टर पुरं करायचं होतं. लेखणी बुडवून त्यानं मान वर न करता विचारलं, "रंग?"

"तांबडा," डाक्टर म्हणाला.

"बीमारी?"

"मारका."

"वय?"

"सतरा," मी हुंदका देत म्हणालो. त्यानं लिहून टाकलं. कुणाच्या काही ध्यानात आलं नाही.

त्यानंतर मी दवाखान्यात गेलो की स्वतःच खोड्यात शिरायचो आणि म्हणायचो, "दांडा लावा." घरी करायला डाक्टरनं एकच इलाज दिला. रोज संध्याकाळी कोमट तुपात हळद घालून गोऱ्ह्याची खांद चोळायची. पोळ्याच्या आदल्या दिवशी सगळेच करतात, मी रोज करायचं. "बैल का चमडा थरथराया, तो समझ हाथ जड पडा," तो म्हणाला. "फिर पहले से चालू." पहिल्या दिवशी मी शंभरदा पहिल्यापासून सुरू केलं. आषाढ लागेतो गोऱ्हा माझ्या हाताखाली उभ्यानं घोरायला लागला. मी त्या काळात एकही नाक मोडलं नाही. आपल्या घरात पोरगं आजारी पडलंय की काय, अशी मायला शंका यायला लागली.

पण बापाचं डवरणीचं, म्हणजे पिकातल्या कोळपणीचं, काम अडलं होतं.

"चार महिने झाले," तो एका बाजाराच्या सकाळी म्हणाला. "डाक्टर हाय का वाणी हाय? मी येतो." त्यानं म्हाताऱ्या बैलांची जोडी बंडीला जुंपली, गोऱ्हा मागं बांधला आणि मला म्हणाला, "बस बे." सगळ्या वाटेवर मी देवाला पाऊस मागत होतो, पळसाचा रंग धुऊन जाईल असा. एक थेंब पडला नाही.

दवाखान्याच्या अंगणात बापानं गोऱ्हा सोडला, खांदेवर वाकला, अंगठ्याला थुंकी लावली आणि पुसलं. अंगठा केशरी झाला. खाली कातडं सशासारखं गुळगुळीत. बापानं अंगठ्याचा वास घेतला.

"होई खेलला वाटते हा गोऱ्हा," तो हळू म्हणाला. बाप हळू बोलला की गावातली कुत्री घरात शिरायची.

डाक्टर पलीकडं कुंपणाशी कुणाची तरी म्हैस पाहत होता. कंपोंडर मदतीला धावला. "काका, खांदेचं नाई ते. मारका म्हनून येते तुमचा बैल, झोपलेल्या मालकाच्या उशाशी जाऊन उभा राह्यते म्हने. हे पाहा ना लिहेल हाय. रंग तांबडा, बीमारी मारका, वय सतरा."

बापानं आयुष्यात शाळा पाहिली नव्हती, पण दात पाहिले होते. त्यानं गोऱ्ह्याचा ओठ वर केला. "चौसा हाय हा. चार दात. चार वर्साच्या आत बाहेर." ओठ सोडला. "सतरा वर्साचा बैल जित्ता राह्यला तरी हाडकं मोजून घ्या लागतात. माह्या गोठ्यात सतरा वर्साचं काय हाय?"

आणि मग तो माझ्याकडं वळला.

पुढचं मी थोडं आवरून सांगतो, कारण खरं सांगितलं तर तुम्ही म्हणाल वाढवतो. पहिल्या थपडेनं मी म्हशीवर गेलो. म्हैस कुंपणावर गेली. कुंपण बाजारात गेलं. दुसरी थप्पड मी हातावर घेतली आणि बापाच्या पोटात डोकं घातलं. आम्ही दोघं औषधांच्या मांडणीवर पडलो, मांडणी आमच्यावर. त्यानं माझे केस धरून तोंड खडीवर घासलं. माझा पुढचा दात गेला तो तिथंच. मी त्याच्या दंडाचा लचका तोडला. आजोबांचं रक्त, दुसरं काय. कंपोंडर मधे आला आणि दोन्हीकडून मार खाऊन कडेला जाऊन बसला. शेवटी बापाचा पाय फिनेलवर घसरला, तो बंडीच्या चाकाशी पालथा पडला, त्याचं मुंडासं उडालं, आणि माझा हात बंडीच्या उभारीवर गेला.

उभारी उपसली. वर नेली. तेच टक्कल. तीच जागा. आणि मी गार पडत चाललो होतो, हे मला कळत होतं.

मी मागं सरकलो. एक पाऊल, मग दुसरं. डोळे त्या टकलावरून हटत नव्हते, पाय मात्र आपली वाट ओळखत होते. पाठ बल्लीला लागली. मी उभारी फेकली, खोड्यात शिरलो आणि ओरडलो, "दांडा लावा! डाक्टर, दांडा लावा!"

डाक्टर म्हशीमागं बाजारात गेला होता. तो कोपरापर्यंत शेणानं माखलेला, धावत आला आणि त्यानं दांडा सरकवला.

बाप उठला. त्यानं उभारी उचलली. तोंडातलं रक्त थुंकला आणि खोड्यासमोर येऊन उभा राहिला. मी आत, हलता येत नव्हतं. डाक्टरनं त्याला अडवलं नाही.

"मारो," तो म्हणाला. "बांधा हुआ है. तुमको बांधके मारने की आदत है ना?"

बापानं उभारी घातली. खोड्याच्या खांबावर. पुन्हा घातली. माझ्या कानाजवळ लाकूड कडाडलं, ढलप्या माझ्या तोंडावर उडाल्या. तिसऱ्या घावाला बाभळीची उभारी मधोमध मोडली. हातात उरलेल्या तुकड्याकडं तो पाहत राहिला.

"मालक म्हंजे मी?" त्यानं विचारलं.

"हो."

"कवापासून?"

"मायचं मनगट मोडलं तवापासून."

"झोपेत?"

"निंबाखाली. उभारी घेऊन."

बापानं टकलावरून हात फिरवला. "मंग मारलं काऊन नाई?"

"माशी बसली."

"कोठी?"

"तेथीच. तुम्ही तिले हानली. मी भेलो."

बापाच्या नरड्यातून एक आवाज निघाला. ते हसू होतं की दुसरं काही, मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. त्यानं तुकडा टाकला, खोड्याच्या मागं गेला आणि दांडा स्वतः ओढून काढला. कंपोंडर कोपऱ्यातून, सवयीनं, म्हणाला, "मंग गोऱ्ह्याचं काय करायचं, काका?"

"त्याचं काय करतं बे? त्यानं काय केलं?"

त्या दिवाळीच्या सुमारास आमचा जिल्हा मुंबई राज्याकडं गेला आणि डाक्टर जबलपूरकडं. जाताना ते रजिस्टर त्यानं नेलं, असं कंपोंडर सांगायचा. त्यानंतरही बापाचा हात उठायचा. पण मायवर उठला की तो मधेच थांबायचा, टाळूवर जायचा, आणि टाळू खाजवून खाली यायचा. नेहमीच थांबला असं नाही. दोनदा थांबला नाही, आणि ते दोन्ही दिवस मी त्याला माफ केलेले नाहीत.

पण मला परतीची वाट सांगायची आहे. बापानं बंडी जुंपली, मुंडासं उचललं, झटकलं, आणि डोक्याला न बांधता मांडीखाली घातलं. पुढं बसला. मी त्याच्या मागं. बंडीच्या उरलेल्या उभाऱ्या माझ्या दोन्ही हातांशी होत्या. गावापर्यंत तो एकदाही मागं वळला नाही. उघडं टक्कल माझ्यासमोर हलत राहिलं.

नाल्याच्या उतारावर त्यावर एक माशी येऊन बसली. मी हात पुढं केला आणि ती उडवली. हळूच, गोऱ्ह्याची खांद चोळावी तशी.

बापाच्या मानेचं कातडं थरथरलं. म्हणजे हात अजून जडच होता.